अजिंठ्याच्या दोन आगी आणि घरातले जुने फोटो

यावलहून तापी ओलांडली की भुसावळ. तिथे मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याची भित्तिचित्रे कॅनव्हासवर उतरवत होता. ती लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी कामाला लागले. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनच्याच संग्रहालयात आगीत गेल्या.

गिलसाहेबांनी कॅमेऱ्यानेही लेणी टिपली होती. ते फोटो फर्ग्युसन यांच्या १८६४ च्या पुस्तकात आले, पुस्तकाच्या प्रती ठिकठिकाणी पोचल्या, म्हणून ते आजही पाहायला मिळतात.

आपल्या ट्रंकेतल्या फोटोंसाठी स्कॅनर घेताना हे आठवावे. आधी फोटो बघा, मग यंत्र. कागद आपोआप आत ओढणारा स्कॅनर कार्यालयाच्या कामाचा. जुना ठिसूळ फोटो त्यात घालू नये. सपाट काचेचाच घ्यावा. त्यातही सीसीडी आणि सीआयएस असे दोन प्रकार. सीआयएस स्वस्त आणि हलका, पण काचेला चिकटलेले तेवढेच स्पष्ट उमटते. लग्नातले पुठ्ठ्यावर चिकटवलेले, वाकलेले फोटो असतील तर सीसीडी बरा. निगेटिव्ह असतील तर झाकणात दिवा असलेला पाहावा. फोटोला ६०० डीपीआय पुरते. दोन बाय तीन इंचाच्या फोटोचे १२०० बाय १८०० ठिपके होतात. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवावा, नातेवाइकांना पाठवायला जेपेग.

डाग, चिरा काढायच्या त्या दुसऱ्या प्रतीवर. रोजकीर्दीतली मूळ नोंद आपण खोडतो का? तसेच हे. चेहरा सुंदर करणारे अ‍ॅप आजीचे नाकही बदलून टाकते. फोटोमागची शाईतली नावे आणि तिथीही स्कॅन करा. ती वाचणारी माणसे घरात आहेत तोवर विचारून घ्या.

आपल्याकडे शास्त्राच्या प्रती लिहवून वेगवेगळ्या गावांच्या भांडारांत देत. एक ठिकाण बुडाले तरी ग्रंथ उरे. फोटोंचेही तसेच करा: एक प्रत घरात, एक लेकीकडे, एक परगावच्या भावाकडे. स्कॅनर कितीही चांगला घेतला तरी एकाच कपाटातली प्रत म्हणजे क्रिस्टल पॅलेसच.