अंगरख्यातून चेहऱ्यावर

तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात एका सिद्धपुरुषाचं छोटंसं चित्र आहे. पोट उघडं टाकून तो आपल्याच तंद्रीत चालला आहे. त्याचा अंगरखा म्हणजे ओल्या कुंचल्याचे रुंद फटकारे. कुठं गच्च काळे, कुठं पाण्यात विरलेले. काढणारा लियांग काई, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. सम्राटानं दिलेला सोन्याचा पट्टा टांगून ठेवून तो दरबारातून निघून गेला, असं सांगतात. लोक त्याला ‘वेडा लियांग’ म्हणत. पण चेहरा जवळून पाहा. तिथं हा वेडाही हात आखडता घेतो. डोळे, नाक, तोंड बारीक रेघांनी काढलेलं. शाईला मोकळं रान मिळालं ते कपड्यात.

असं का, याचं उत्तर मला कागदात दिसतं. चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस. (आपल्या पोथ्यांची शाईही काजळीचीच, फक्त सरसाऐवजी डिंक.) श्वेन हा चिनी कागद ती टेकताक्षणी पिऊन टाकतो, खोडायची सोय नाही. वस्त्राची चुणी चुकली तर खपते. डोळा चुकला की माणूसच बदलतो.

1943मध्ये, जपानी अंमलाखालच्या बीजिंगमध्ये, ज्यांग झाओहनं निर्वासितांचं प्रचंड लांब चित्र केलं. गालांची खोबण, कपाळाच्या आठ्या त्यानं पाश्चात्त्य छायाप्रकाश शाईतच उतरवून घडवल्या. प्रदर्शन काही तासांत बंद पाडलं गेलं. पुढं हरवलेल्या चित्राचा निम्माच भाग हाती लागला. शाई आता चेहऱ्यावर आली होती, पण अजून चित्रकाराच्या मुठीत होती.

ती मूठ मार्लेन ड्यूमासनं उघडली. जन्म केप टाउनचा, 1976पासून मुक्काम नेदरलँड्समध्ये. तिचा कागद शाई लगेच पीत नाही. पातळ शाईचं थारोळं त्यावर साचून राहतं आणि पाणी उडून जाताना काजळीचे कण काठाकडे ओढले जातात. म्हणून गालाला काळी कड येते, पापणी नसलेल्या जागी पापणी उमटते. 1991-92च्या ‘ब्लॅक ड्रॉइंग्ज’मध्ये असे वहीच्या पानाएवढे 111 कागद आहेत, कृष्णवर्णीयांच्या चेहऱ्यांचे. वर्णभेदाच्या देशात वाढलेल्या बाईनं काढलेले. ज्या शब्दाखाली त्या देशानं लाखो माणसं एकत्र कोंबली, तो ‘काळा’ इथं एका गालावर राखाडी होतो, दुसऱ्यावर निळसर, तिसऱ्यावर डांबरासारखा दाट. त्या 111 कागदांवर एकही काळा दुसऱ्यासारखा नाही.