खोटी माशी आणि मिशाळ मासा

मराठींत ‘मासा’ आणि ‘माशी’ या दोन शब्दांत अंतर फारच थोडें आहे. परंतु माशीचें सोंग करून मासा पकडण्याची जी कला युरोपांत वाढली, तिचा इतिहास जवळजवळ अठराशें वर्षांचा आहे. गळाभोंवतीं लोकर, रेशीम आणि पिसें बांधून उडत्या कीटकाची हुबेहूब आकृति करावयाची, लवचिक काठीनें ती प्रवाहावर अलगद टाकावयाची, आणि माशानें खरी माशी समजून ती तोंडांत धरावी म्हणून वाट पाहावयाची, हें त्या कलेचें सार होय. इंग्रजींत तिला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. या आमिषाला वास नाहीं आणि चवही नाहीं. जें आहे तें केवळ रूप. अर्थात् डोळ्यांनीं शिकार करणाऱ्या माशांसाठींच ही कला जन्मास आली.

उलट ज्यांस इंग्रज ‘कॅटफिश’ म्हणतात, ते मिशाळ मासे पाहावे. अंगावर खवला नाहीं, तोंडाभोंवतीं मांजरासारख्या मिशा, डोळे बहुधा बारीक, वस्ती गढूळ पाण्याच्या तळाशीं आणि संचार बहुतेक रात्रीं. आपल्या नद्यांतील शिंगाळा आणि शिवडा हे याच गणांतले. अशा माशापुढें खोटी माशी नाचविणें म्हणजे आंधळ्यापुढें आरसा धरणें, असें कोणासही वाटावें. हें वाटणें कितपत खरें आहे, आणि त्यापायीं या माशांकडे पाहण्याची मनुष्याची दृष्टि कशी बनत गेली, हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण विचार करावयास लावणाराही आहे.

एलिअन नांवाचा रोमन ग्रंथकार इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेला. प्राण्यांच्या स्वभावाविषयीं त्यानें ग्रीक भाषेंत सतरा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या पंधराव्या भागाच्या आरंभीं मॅसिडोनियांतील अस्ट्रेअस नदीवरील लोकांची हकीकत आहे. त्या नदींतील ठिपकेदार कातडीचे मासे पाण्यावर येणारी एक विशिष्ट माशी खात. त्या माशीला मनुष्याचा हात लागतांच तिचा रंग जाई व पंख सुकत. म्हणून ती गळाला लावून उपयोग नसे. यास्तव ते लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळीत, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बसवीत, आणि सहा फूट काठीला तितकीच लांब दोरी बांधून तें सोंग पाण्यावर सोडीत. कृत्रिम माशीनें मासे धरण्याचें हें सर्वांत जुनें सविस्तर वर्णन समजलें जातें.

त्याच ग्रंथाच्या चौदाव्या भागांत डॅन्यूब नदीवरील मिशाळ माशाच्या शिकारीचें वर्णन आहे, तें अगदींच निराळें. येथला कोळी येतो तो बैलांची जोडी घेऊन. मजबूत गळाला रानबैलाचें फुफ्फुस अडकवून, शिशाचें वजन लावून तो दोर पाण्यांत सोडतो, आणि दोराचें दुसरें टोक जोखडाला बांधतो. मासा आमिषाकडे ओढला जाऊन तें गिळतो, आणि मग त्याची व बैलांची रस्सीखेंच सुरू होते. शेवटीं बैल त्याला कांठावर ओढून काढतात. एकाच ग्रंथांत मासेमारीच्या या दोन परंपरा शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. एकींत दोन पिसें, तर दुसरींत दोन बैल. एलिअननें दोहोंचें वर्णन सारख्याच कुतूहलानें केलें आहे. माशांमाशांतील उच्चनीच भाव पुढें आला.

तो आला मुख्यतः इंग्लंडांत. इ. स. १४९६ मध्यें विंकिन द वर्ड या मुद्रकानें गळाच्या मासेमारीवर एक छोटा प्रबंध छापला. डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईचें नांव परंपरेनें त्याला जोडलें जातें. त्यांत बारा प्रकारच्या माश्या बांधण्याच्या कृति सांगितल्या आहेत. १६५३ मध्यें आयझॅक वॉल्टनचा ‘कंप्लीट अँगलर’ हा ग्रंथ निघाला. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीला वॉल्टनचा मित्र चार्ल्स कॉटन यानें एक स्वतंत्र भाग जोडला; त्याचा विषय, निर्मळ ओढ्यांतील ट्राउट आणि ग्रेलिंग हे मासे माशीनें कसे धरावे. एकोणिसाव्या शतकांत या छंदाला बड्या लोकांच्या करमणुकीचें रूप आलें. १८८६ मध्यें फ्रेडरिक हॅल्फर्डनें तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिलें, आणि माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे, ती बुडूं देणें कमीपणाचें, असें मानणारा एक संप्रदायच उभा राहिला. साल्मन आणि ट्राउट हे ‘गेम’, म्हणजे शिकारीच्या मानाचे मासे ठरले. बाकीचे बहुतेक सारे ‘कोर्स’, म्हणजे हलक्या प्रतीचे. ही प्रतवारी कायद्यांतही उमटली. साल्मनच्या रक्षणाचा मोठा कायदा १८६१ मध्यें झाला. हलक्या मानलेल्या माशांना विणीच्या काळांत अभय मिळण्यास १८७८ साल उजाडावें लागलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. इंग्लंडच्या नद्यांत मिशाळ मासा निसर्गतः नव्हताच. मध्य युरोपांतील ‘वेल्स’ नांवाचा प्रचंड मिशाळ मासा १८८० मध्यें वोबर्न ॲबी येथील तळ्यांत बाहेरून आणून सोडण्यांत आला. म्हणजे माशांची योग्यता ठरविण्याचें माप ज्या देशांत घडलें, त्या देशाच्या पाण्यांत हा मासा वसतच नव्हता. आणि तेंच माप पुढें हिंदुस्थानांत आलें.

दक्षिण कानड्याचे कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस यांनीं १८७३ मध्यें मंगळूर येथें ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. साल्मनच्या आठवणीनें झुरणाऱ्या इंग्रजांस त्यांनीं पटवून दिलें कीं, येथला महसीर त्याच्याहूनही झुंजार आहे. थॉमस हे केवळ शिकारी नव्हते. मासळीचें बीज राखलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढें १८९७ मध्यें सुरुंगाच्या दारूनें व विषानें मासे मारण्याविरुद्ध कायदाही झाला. तथापि मानाचें माप बदललें नाहीं. महसीर खोट्या माशीवर व चकाकत्या चमच्यावर झेंप घेतो, म्हणून तो साल्मनच्या पंक्तीस बसला. काश्मिरांतील ओढ्यांसाठीं १९०० च्या सुमारास ट्राउटचीं अंडीं थेट विलायतेहून आणविलीं गेलीं. आणि शिवडा? त्याला इंग्रज ‘गोड्या पाण्यांतील शार्क’ म्हणत. त्या नांवांत आदरापेक्षां दराराच अधिक.

त्याच राजवटींत एका माणसाची दृष्टि मात्र निराळी होती. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनीं मुंबई सरकारच्या वतीनें १८२४ ते १८३१ या काळांत दख्खनची पाहणी केली. या मुलखांतील माशांचें त्यांनीं केलेलें वर्णन १८३९ मध्यें लंडनला प्रसिद्ध झालें. नव्या जातींस शास्त्रीय नांवें देतांना त्यांनीं कित्येक ठिकाणीं येथल्याच लोकांच्या तोंडचे शब्द उचलले. सींघाला, गोग्रा, कुतुर्नी, टाक्री, गूंगवारी, हीं पांचही मिशाळ माशांचीं नांवें आहेत, आणि प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत तीं अजून चालूं आहेत. नदीकांठच्या माणसाचा शिंगाळा जगाच्या ग्रंथालयांत आपलें नांव न बदलतां जाऊन बसला.

आपल्या जुन्या वाङ्मयांतही या माशांस हीन लेखलेलें दिसत नाहीं. संस्कृतांतील ‘पाठीन’ म्हणजे शिवडा, असें सामान्यतः मानलें जातें. अमरकोशांत त्याला ‘सहस्रदंष्ट्र’ असा पर्याय दिला आहे. शिवड्याचा दांतांनीं भरलेला जबडा ज्यानें एकदां पाहिला आहे, त्याला या शब्दाची यथार्थता सांगावी लागत नाहीं. मनुस्मृतींत देवकार्यास व पितृकार्यास चालणाऱ्या माशांत रोहिताबरोबर पाठीनाचेंही नांव आहे.

याहूनही महत्त्वाचा पुरावा कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मिळतो. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओंव्या गातात, या त्यांतील उल्लेखामुळें हा ग्रंथ मराठी वाचकांस परिचित आहे. इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथांत राजाच्या विनोदांपैकीं एक म्हणून ‘मत्स्यविनोद’ सांगितला आहे. सोमेश्वरानें माशांचे खवल्यांचे आणि कातडीचे असे भेद केले, कोणत्या माशास काय खाऊं घालावें हें सांगितलें, काठी, दोरी व गळ यांचें वर्णन केलें, आणि मासा धांवूं लागला असतां दोरी सैल सोडून, तो थकल्यावर ती ओढून घेण्याची रीतही दिली. गो. कृ. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य मालेंत १९२५ पासून निघूं लागला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं त्यांतील या प्रकरणाकडे १९५१ मध्यें विद्वानांचें लक्ष वेधलें. वॉल्टनच्या पांचशें वर्षें आधींचें हें लिखाण आहे. त्यांत कातडीच्या माशास खवल्यांच्या माशाइतकेंच स्थान आहे. कारण मासा काय खातो हें आधीं जाणून घ्यावें आणि मग गळ टाकावा, हा त्याचा क्रम आहे.

हाच क्रम आधुनिक शास्त्रानें पुढें चालविला. १८२० मध्यें अर्न्स्ट हाइनरिख वेबर यानें दाखविलें कीं, या व यांच्या नात्यांतील माशांत पोटांतील वायूची पिशवी आणि अंतःकर्ण यांना जोडणारी चिमुकल्या अस्थींची सांखळी असते. तिच्यामुळें त्यांचें श्रवण तीक्ष्ण होतें. १९२३ मध्यें कार्ल फॉन फ्रिश यानें एका आंधळ्या मिशाळ माशाला असें शिकविलें कीं, शीळ वाजतांच तो आपल्या बिळांतून खाण्यासाठीं बाहेर येई. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावून पुढें १९७३ मध्यें नोबेल पारितोषिक मिळविणारा शास्त्रज्ञ तो हाच. या माशांची रुचि तर केवळ जिभेपुरती नसते. मिशांवर आणि सर्व अंगावर मिळून चव घेणारीं इंद्रियें एक लाखाहूनही अधिक असूं शकतात. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, वेल्स मासा काळोखांतही लहान माशाचा माग काढतो. पोहणाऱ्या माशाच्या मागें पाण्यांत जी हालचाल व गंध उरतो, त्या अदृश्य पायवाटेनें तो सावजापर्यंत पोंचतो.

एवढें समजल्यावर जुनें कोडें उलगडतें. मिशाळ मासा माशी घेत नव्हता तो मंदपणामुळें नव्हे. माशीची भाषाच त्याची नव्हती. आज अमेरिकेंत व युरोपांत हौशी लोक याच काठीनें मिशाळ मासे धरतात. मात्र त्यासाठीं माशीला आपलें सारें चारित्र्य पालटावें लागलें. ती तरंगत नाहीं, तळाशीं जाते. ती नाजूक कीटकाचें रूप घेत नाहीं, तर जळू किंवा लहान मासा यांचें घेते. केसांचें जाड डोकें बांधून ती पाणी ढकलते, म्हणजे अंधारांतही तिचा माग लागतो. हॅल्फर्डच्या अनुयायांनीं हिला माशी म्हटलेंच नसतें. परंतु सोमेश्वराला ती तत्काळ पटली असती.

या गोष्टीचें महत्त्व करमणुकीपुरतें नाहीं. ज्या माशाला मान मिळतो, त्याला रक्षकही मिळतात. महसीराच्या पैदाशीचें काम लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपन्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हातीं घेतलें, आणि तें स्तुत्यच आहे. पण शिवड्याची गणना निसर्गरक्षणाच्या जागतिक सूचींत आतां ‘असुरक्षित’ म्हणून होते, हें फारच थोड्यांच्या कानीं असतें. साइक्सच्या लेखांत जिचें नांव येतें, त्या मुळा-मुठेंत आज पुण्याचें सांडपाणी मिसळतें. ज्याचें सर्वांग म्हणजे जीभ, त्याला या पाण्यांत काय भोगावें लागत असेल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

दुसऱ्याची योग्यता आपल्या हातांतील साधनानें मोजण्याची खोड मनुष्याला फार जुनी आहे. वर्गांतल्या मुलांपासून नदींतल्या माशांपर्यंत ती सर्वत्र दिसते. आपल्या गळाला लागला तो चांगला, न लागला तो हलका, हा न्याय सोपा खरा; पण तो बहुधा गळाची परीक्षा करतो, माशाची नव्हे. शिंगाळ्याचें नांव आपल्या भाषेनें जगाला दिलें आहे. तें नांव केवळ पुस्तकांत उरूं नये, एवढी काळजी तरी ती भाषा बोलणाऱ्यांनीं आपल्या नद्यांविषयीं वाहणें उचित होय.