तंबूतली रात्र : मुलींच्या उन्हाळी शिबिराचा मागोवा

पंचगंगा आणि कृष्णा जिथे एकमेकींना भेटतात तिथून कुरुंदवाड हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे नृसिंहवाडी, अलीकडे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचे हे गाव. मे महिन्यात पाणी उतरते, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि शाळांना सुट्टी असते. अशा दिवसांत दहा-पंधरा मुलींनी चार रात्री नदीकाठच्या एखाद्या मळ्यात राहावे, स्वतः चूल पेटवावी, रात्री आकाश पाहावे, ही कल्पना आज कोणाला फार धाडसाची वाटणार नाही. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ती मांडून पाहावी. पहिला प्रश्न येतो तो मुली दिवसभर काय करतील हा नव्हे. त्या रात्री कुठे झोपतील, हा. मुलींच्या शिबिराचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो असे आम्हाला वाटते, आणि प्रस्तुत लेखात त्याच धाग्याने जाण्याचा विचार आहे.

आधी शब्दांकडे पाहू. 'शिबिर' हा संस्कृतातून आलेला शब्द मुळात सैन्याच्या मुक्कामाचा आहे. 'छावणी', 'तळ', 'गोट', 'डेरा' हे आपले बखरींतले शब्दही लष्करी प्रवासाचेच. मराठी भाषेला उघड्यावरच्या वस्तीसाठी शब्दांची वाण कधी नव्हती. वर्षातले आठ महिने मुलूखगिरीवर असणाऱ्या समाजाची ती भाषा होती. पण या शब्दांमागे जे चित्र उभे राहते ते पुरुषांचे. स्त्रिया त्या तळांवर होत्याच. मात्र त्यांची नोंद कुटुंबकबिला, बाजारबुणगे अशा घाऊक नावांखाली होते. तळावर स्वतःच्या हक्काने राहणारी मुलगी या शब्दसंग्रहात नाही.

कुरुंदवाडचा संबंध दुसऱ्या एका तंबूशीही येतो. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्या विष्णुपंत छत्र्यांचे नाव या संस्थानाच्या आश्रयाशी जोडले जाते. 1880 साली त्यांनी मुंबईत स्वतःच्या सर्कशीचा पहिला खेळ केला. त्यांच्या पत्नीही कसरतींच्या खेळांत भाग घेत असत. पुढे दक्षिण महाराष्ट्रातून अनेक सर्कशी निघाल्या आणि झोपाळ्यावर, घोड्यावर, तारेवर मुली दिसू लागल्या. गावोगावच्या लोकांनी तिकीट काढून त्या पाहिल्या, टाळ्या वाजवल्या. आपल्या घरच्या मुलीने मात्र परकराचा काचा मारून अंगणाबाहेर धावावे हे त्याच प्रेक्षकांना रुचणारे नव्हते. तंबूतली मुलगी कौतुकाची होती, पण ती दुसऱ्याची असेपर्यंतच.

याचा अर्थ मराठी मुली घराबाहेर खेळतच नव्हत्या असे नाही. नागपंचमीचे झोके, झिम्मा, फुगडी, हादगा, मंगळागौरीचे जागरण या साऱ्यांत शरीराला मोकळीक होती, आणि मंगळागौरीला तर रात्रही होती. परंतु ही मोकळीक पंचांगाने ठरवून दिलेली, व्रताच्या नाहीतर सणाच्या आडोशाने मिळालेली. खेळ संपला की उंबरा होताच. शिबिराने जे नवीन आणले ते खेळ नव्हेत. कोणतेही व्रत, लग्नकार्य वा यात्रा नसताना, नात्यागोत्याच्या नसलेल्या मुलींबरोबर, घरापासून दूर काही रात्री राहण्याचे कारण त्याने दिले. सासर आणि माहेर या दोहोंखेरीज मुलीला तिसरे मुक्कामाचे ठिकाण असू शकते, ही गोष्ट त्यातून प्रथम दिसली.

बाहेरच्या जगातही हे सहज घडलेले नाही. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले. तेथून स्काउट चळवळ सुरू झाली असे मानतात. त्या शिबिरात मुली नव्हत्या. दोन वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली बोलावणे नसताना स्वतःच गणवेश करून हजर झाल्या. त्यांच्यासाठी 1910 मध्ये 'गाइड' ही वेगळी संघटना निघाली आणि तिची सूत्रे बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस हिच्याकडे आली. पुढच्याच वर्षी, 1911 मध्ये, जबलपूर येथे भारतातली पहिली गाइड तुकडी उभी राहिली. मात्र ती येथील युरोपीय मुलींसाठी होती. भारतीय मुलींना त्या दारातून आत यायला आणखी काही वर्षे लागली. स्वातंत्र्यानंतर, 1950 आणि 1951 या वर्षांत, वेगवेगळ्या संघटनांचे विलीनीकरण होऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही एकच संस्था झाली. 1966 मध्ये जगभरच्या गाइड मुलींसाठी पुण्यात एक केंद्र उघडले, त्याचे नाव 'संगम'. नद्यांच्या संगमावर वसलेल्या गावाबद्दल लिहिताना हे नाव आठवणे साहजिक आहे.

महाराष्ट्रातले मुलींचे शिबिर मात्र गाइडच्या वाटेने फारसे आले नाही. ते आले राजकीय आणि सामाजिक चळवळींतून. 1936 च्या दसऱ्याला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. सुट्टीत भरणाऱ्या तिच्या वर्गांतून मुलींना व्यायाम, लाठी, संचलन यांचे शिक्षण मिळू लागले. 1941 च्या जूनमध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी झाली. दोन्ही संघटनांच्या विचारांत मोठे अंतर होते, आणि शिबिराच्या रचनेतही ते दिसत असे. समितीने मुलींसाठी स्वतंत्र, फक्त स्त्रियांनी चालवलेली जागा केली. सेवा दलाने मुले आणि मुली यांना एकाच मैदानावर आणले. पहिल्या रचनेत आईवडिलांचा विश्वास मिळणे सोपे होते; दुसरीत गावाच्या कुजबुजीला तोंड देण्याची तयारी लागे. या दोन वाटांपैकी एकीला पुरोगामी आणि दुसरीला प्रतिगामी अशी शिक्के मारून मोकळे होण्याची घाई अभ्यासकांनी करू नये, असे आम्ही सुचवू. ज्या मुलीला घराबाहेर पडण्याची परवानगी फक्त पहिल्या वाटेनेच मिळणार होती, तिच्या दृष्टीने तीही मोठीच मजल होती.

शिबिरातला दिवस साधारण एकाच साच्याचा असे. पहाटेची शिटी, झाडलोट, व्यायाम, श्रमदान, दुपारचे बौद्धिक, संध्याकाळचे खेळ, रात्री शेकोटी आणि गाणी. यांतल्या समूहगायनाकडे जरा थांबून पाहावेसे वाटते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म कुरुंदवाडचाच, 1872 सालचा. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणे दरबारातून आणि बैठकीतून बाहेर आणले. राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर ते गायले, आणि रामधून हजारोंच्या मुखी गेली. सभ्य घरच्या माणसांनी, त्यांतही मुलींनी, चारचौघांत एकत्र गावे यात कमीपणा नाही, ही समजूत रुजवण्यात त्यांच्या कार्याचा वाटा मोठा आहे. शेकोटीभोवती बसून गाणाऱ्या मुलींच्या मागे ही पूर्वपीठिका उभी आहे.

या शिबिरांतून काय निघाले, याचे उत्तर काही चरित्रांतून मिळते. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते या दोघींच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात सेवा दलात झाली. सुधा वर्दे सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आल्या. कृष्णाकाठच्याच इंदुताई पाटणकर 1942 च्या आंदोलनात किशोरवयातच घर सोडून बाहेर पडल्या आणि पुढे साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कामात राहिल्या. त्या पिढीतल्या कित्येकींच्या पुढच्या निर्णयांत, मग तो आंतरजातीय विवाह असो, तुरुंगवास असो की मोर्चा, घराबाहेर काढलेल्या त्या पहिल्या रात्रींचा अंश असावा असे आम्हाला वाटते. एकदा परक्या मुलीच्या शेजारी सतरंजी टाकून झोपले, एकाच पातेल्यातले जेवले, की जातीचे कित्येक नियम वादविवादावाचूनच ढिले पडतात.

मराठी साहित्याने मात्र या अनुभवाची बूज फारशी राखलेली नाही. आपल्या बालसाहित्यात रानावनात भटकणारा, संकटात उडी घेणारा नायक म्हटला की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे डोळ्यांसमोर येतो. त्याच्या तोडीची, सायकलवर टांग टाकून निघणारी मुलगी चटकन आठवत नाही. स्त्रियांच्या आत्मकथनांतही शिबिर येते ते बहुधा चळवळीच्या हकिगतीत एका वाक्यापुरते. पहिल्या रात्री झोप लागली का, अंधाराची भीती वाटली का, पाळी आली तेव्हा काय केले, घरी परतल्यावर अंगण लहान वाटले का, हे लिहिण्याजोगे आहे असे त्या लेखिकांना वाटले नसावे. किंवा वाटूनही त्यांनी ते गाळले असावे. विद्यार्थ्यांनी आपल्या आज्या-मावश्यांना हे प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवली, तर एका संशोधनप्रबंधाची सामग्री सहज गोळा होईल.

इथवरचा इतिहास मध्यमवर्गाचा आहे, हे नमूद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. शिरोळ तालुका उसाचा. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात आणि मोकळ्या रानात पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांत मुलीही असतात. पहाटे त्याही उठतात, चूल पेटवतात, पाणी आणतात, आकाशाखाली झोपतात. शिबिरातल्या मुलीने हौसेने चार दिवस जे करायचे, ते या मुली गरजेपोटी पाच-सहा महिने करतात, आणि तेवढे महिने त्यांची शाळा बुडते. त्यासाठी 'साखरशाळा' काढाव्या लागल्या. उघड्यावर राहणे हे स्वतःहून स्वातंत्र्य ठरत नाही. परत जायला घर आहे, रात्री राखण करणारे कोणी आहे आणि नको वाटले तर निघून जाता येते, एवढे असेल तरच तंबूतल्या रात्रीला मोकळेपणाचा अर्थ येतो.

कुरुंदवाडला हा भेद आणखी एका तऱ्हेने ठाऊक आहे. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांत कृष्णा-पंचगंगेच्या पुराने हा परिसर वेढला. माणसे घरे सोडून शाळांत, सभागृहांत जाऊन राहिली. जनावरांसाठी छावण्या झाल्या. 'छावणी' हा जुना शब्द पुन्हा रोजच्या बोलण्यात आला. परक्यांच्या शेजारी अंथरूण टाकून झोपण्याचा अनुभव त्या वेळी मुलींच्याही वाट्याला आला, पण निवडीने नव्हे.

आज महाविद्यालयांतून 1969 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे होतात, आणि त्यांत मुली मोठ्या संख्येने जातात. शहरांतली उन्हाळी शिबिरे आता शुल्क घेऊन चालतात. परवानगीचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. पैशाचा आणि सुरक्षिततेचा उरला आहे. म्हणून नदीकाठच्या मळ्यातल्या त्या लहानशा शिबिराचा विचार करताना आम्हाला एकच कसोटी पुरेशी वाटते. त्या चार रात्रींत कोपीतली मुलगी पाहुणी म्हणून, काम न करता, इतर मुलींच्या शेजारी निश्चिंत झोपू शकेल काय? घाटावरून परतताना हा प्रश्न आमच्या मनात होता, आणि तो वाचकांपुढे तसाच ठेवीत आहोत.