आमचुराचा भाव आणि सावकाराची वही

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पदव्युत्तर अभ्यासात मी मानवी वर्तन हा विषय घेतला आणि प्रबंधाला सातपुड्यातल्या तोरणमाळचा आमचूर निवडला. मोठ्या कंपन्यांची उदाहरणं पुस्तकांत भरपूर होती. पण जगाचा व्यापार आमच्या भागालाही नवा नव्हता: सुरत-बुऱ्हाणपूर हा मुघल काळातला व्यापारी मार्ग नंदुरबारवरूनच जायचा. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ साली याच वाटेनं गेला. जगाचा बाजार चारशे वर्षांपूर्वीच आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आला होता.

डोंगरावरचा व्यवहार मात्र निराळा. शेताच्या कामाला, घर उभारायला ‘लाहा’ असायचा, म्हणजे एकमेकांकडे आळीपाळीनं काम. आज सगळे तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. त्याची वही कुणी ठेवत नसे, तरी कोण कुणाकडे गेलं नाही हे गावाला पाठ असे. १८१८ नंतर खानदेशात इंग्रजी अंमल आला. सारा रोखीत भरायचा, जमीन गहाण टाकता येणार, आणि वाद झाला तर कोर्टात सावकाराची वही बोलणार. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर कितीतरी भिल्लांची जमीन अशीच हातची गेली. अंगठा उठवणाऱ्याला वहीतलं वाचता येत नव्हतं.

गरीब माणूस आजच्या पैशासाठी उद्याचा फायदा सोडतो, असं आम्हाला शिकवतात. मला ते अर्धंच वाटतं. माझी आजी उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून वाळवते. पांढरा आमचूर असला तर भाव मिळतो, ओल लागून काळा पडला की उतरतो. पावसाच्या आत तो विकायलाच हवा, कारण घरात कोरडी जागा नाही. हे आजीला ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही. पक्कं कोठार असतं तर तीच आजी दिवाळीपर्यंत थांबली असती.

बाजार आणि माणूस एकत्र वाचायची रीत आपल्याला नवी नाही. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्रासाठी. सोबत समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रही शिकले. प्राचीन भारतीय व्यापारावर त्यांनी लिहिलं, आणि मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातींवरचा निबंध वाचला. माझ्या टेबलावर हे दोन्ही लेख शेजारी असतात.

इकडे १९७० नंतर शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी गेलेल्या जमिनींसाठी लढा उभारला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा. त्यांचा माल सरकारनं एकाधिकारानं खरेदी करण्याची वाट १९७६ च्या कायद्यानं मोकळी केली. कर्ज आणि खरेदी हे माणसाच्या स्वभावाचे नाही, सत्तेचे प्रश्न आहेत, हे त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या लोकांनी आमच्या पुस्तकांच्या आधी ओळखलं होतं.

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याची जी मुलं-मुली आज व्यवस्थापन शिकताहेत, त्यांना माझी विनंती आहे: आजी-आजोबांचे भाव, कर्जं आणि लाहा त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवा. सावकाराची बाजू वहीत आहे, आपली अजून कागदावर यायची आहे.