शिरेवाटे औषधयोजना : प्रमाद आणि यंत्र

शिरेवाटे दिलेले औषध सहजासहजी परत घेता येत नाही. ते तत्काळ रक्तात मिसळते आणि चूक लक्षात येईपर्यंत बहुधा आपले कार्य करून चुकलेले असते. म्हणून या उपचारातील प्रमाद औषध शिरेत जाण्यापूर्वीच रोखावा लागतो. गेल्या काही दशकांत रुग्णालयांत जी यंत्रे आली, त्यांचे प्रयोजन हेच होय. परंतु केवळ यंत्र आणल्याने प्रमाद घटतो काय, या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर सरळ नाही.

या उपचाराचा आरंभ पटकीच्या साथीत झाला. पुढे कलकत्त्यास येऊन भारतीय तारायंत्राचा पाया घालणारे विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये असे दाखविले की, पटकीच्या रोग्याच्या रक्तातील पाणी व क्षार घटतात. त्या आधारे लीथ येथील टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत सहा पाइंट क्षारद्रावण सोडले. ती सावरली. लाटा तिला दुसऱ्याच्या देखरेखीखाली सोपवून गेले. उलट्या व जुलाब पुन्हा सुरू झाले, द्रावण पुन्हा दिले गेले नाही आणि ती काही तासांतच दगावली. द्रावण योग्य होते. अखंड लक्ष मात्र राहिले नाही.

विसाव्या शतकात परिचारिका घड्याळ लावून सलाईनचे थेंब मोजीत. विद्युत्पंपाने ते काम हाती घेतले. तथापि पाचाच्या जागी पन्नास हा आकडा दिला गेल्यास तो पंप तोही इमानाने पाळी. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. तेथील रुग्णालयांत वैद्यकीय प्रमादांमुळे वर्षाकाठी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज त्यात होता. त्यानंतर पंपातच औषधसूची व मात्रेच्या मर्यादा साठविण्याच्या पद्धतीस वेग आला. मर्यादा ओलांडली जाताच असा पंप इशारा देतो अथवा थांबतो.

बॉस्टन येथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७४४ रुग्णांबाबत या पंपांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. इशारे चालू असता व बंद असता गंभीर प्रमादांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. इशाऱ्यांच्या काळात सुमारे २५ टक्के वेळा औषधसूची डावलूनच पंप चालविला गेला होता. इशारा देणारे यंत्र होते; पण त्याला टाळून जाण्याची वाटही मोकळी होती.

पंपाची दुसरी उणीव अशी की, आपल्यातील औषध कोणत्या रुग्णाचे आहे हे त्यास कळत नाही. त्यासाठी बारकोडचा उपयोग झाला. अमेरिकेतील टोपीका येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९९० च्या दशकात एका परिचारिकेच्या कल्पनेतून ही पद्धत आली. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी व औषधावरील खूण जुळली तरच औषध द्यावयाचे, हे तिचे सूत्र. बॉस्टनमधील एका रुग्णालयाची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सर्व प्रकारच्या औषधांचा विचार होता. वेळेखेरीज इतर प्रमादांचे प्रमाण ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. मात्र २००८ मधील एका अभ्यासाने या पद्धतीस बगल देण्याचे पंधरा प्रकार नोंदविले होते. पट्टीच्या जादा प्रती अन्यत्र ठेवून त्या वाचविणे हा त्यांपैकी एक. त्यांमागे बहुधा आळस नव्हता. फाटलेली पट्टी, न वाचली जाणारी खूण, कामाची घाई अशीच कारणे होती.

यावरून असे दिसते की, पंप मात्रा तपासतो, बारकोड रुग्ण व औषध तपासतो. दोहोंची सांगड घातल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढतो. परंतु ही साखळी परिचारिकेच्या नित्य कामात सहज बसेल अशीच असावयास हवी. तिचे काम अडविणारे यंत्र टाळले जाते, आणि टाळलेले यंत्र रुग्णाचे रक्षण करीत नाही. लाटांच्या रोगिणीस जे हवे होते, तेच आजही हवे आहे : योग्य उपाय, आणि तो चालू असेतो त्यावर जागते लक्ष.