‘नेमकं कुठं?’ : आपत्कालीन फोन घेणाऱ्यांच्या कामाची प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यात कुणी ११२ लावला, तर तो फोन कोल्हापुरात वाजत नाही. तो नवी मुंबईत, महापे इथल्या मुख्य केंद्रात उचलला जातो. त्याच्या जोडीला नागपूरचे दुसरे केंद्र आहे. या केंद्रांतला कॉल टेकर ऐकलेली माहिती नोंदवतो, ती नोंद कोल्हापूरच्या पोलीस नियंत्रण कक्षात पडद्यावर येते आणि इथला डिस्पॅचर जवळची गाडी हेरून तिच्यातल्या एमडीटीवर, म्हणजे गाडीत बसवलेल्या छोट्या संगणकावर, काम धाडतो. रुग्णवाहिकेसाठीच्या १०८ चा फोन पुण्यात औंधला घेतात. संकट करवीर तालुक्यात, ऐकणारा कान शेकडो किलोमीटरवर आणि धावणारी गाडी पुन्हा करवीरातच, असा हा फेरा आहे. तो ज्यांच्या जिवावर चालतो त्या दोन माणसांच्या, फोन घेणाऱ्याच्या आणि गाडी पाठवणाऱ्याच्या, कामाची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढ्यासाठी हे लेखन.

अग्निशमन, पोलीस, वैद्यक यांवर मराठीत कमीअधिक लिहिले गेले आहे. या तिन्हींच्या उंबऱ्यावर बसलेल्या या कामाकडे मात्र ‘फोन उचलणे’ एवढ्याच नजरेने पाहिले जाते. तसे पाहण्यात त्या कामातले कसब नजरेआड होते. ते कसब शिकता येते, शिकवता येते, तपासता येते. म्हणूनच तो अभ्यासाचा विषय आहे असे मला ठामपणे वाटते.

या विषयाला इतिहासही आहे. १९३५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया गेल्या. शेजाऱ्याने फोन लावला होता, पण तो एक्स्चेंजच्या रांगेत अडकून पडला. त्या शेजाऱ्याने ‘टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रातून चर्चा उठली आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन १९६८ मध्ये झाला. आपल्याकडे २००५ मध्ये हैदराबादेतून १०८ ची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली, ९३७ रुग्णवाहिकांसह. पोलीस, आग आणि रुग्णवाहिका यांना एका क्रमांकाखाली आणणारा ११२ राज्यात २०२१ पासून आहे. वाचकांनी या सनावळीत फार रेंगाळू नये. विम्पोल स्ट्रीटची गोष्ट तेवढी ध्यानात ठेवावी. तिथे बंब होते, माणसे होती, फोनसुद्धा केलेला होता. तो वेळेत ऐकून घेणारी व्यवस्था नव्हती.

आता कामाच्या गाभ्याकडे येऊ. घाबरलेला माणूस काय झाले ते आधी सांगतो. फोन घेणाऱ्याला कुठे झाले ते आधी हवे असते. फोन मध्येच तुटला तरी ठिकाण हाती असेल तर गाडी निघते. नुसता प्रसंग हाती असेल तर काहीच निघत नाही. समजा, असा एक फोन आला:

“अॅक्सिडेंट झालाय, गाडी धाडा लवकर!”

“कुठं झालाय, दादा?”

“शिरोलीत हो.”

“शिरोली पुलाची, का शिरोली दुमाला?”

“हायवेची शिरोली. सांगली फाट्याजवळ.”

“पुण्याकडं जाणाऱ्या बाजूला, का कोल्हापूरकडं येणाऱ्या?”

हे तीन प्रश्न वाचायला सोपे वाटतात. पण पहिल्या शिरोलीचा तालुका हातकणंगले, दुसरीचा करवीर. शिवाय घाईत बोलले तर ‘शिरोळ’ही तसेच ऐकू येते, आणि तो तर वेगळाच तालुका. तिसरा प्रश्न चुकला तर गाडी दुभाजकाच्या पलीकडे उभी राहते आणि जखमी डोळ्यांसमोर असून वळसा घालायला पुढे जावे लागते. या जिल्ह्यात अशा जागा पावलोपावली आहेत. ‘बावड्यात या’ म्हणणारा शहरातल्या कसबा बावड्यातून बोलत असेल, किंवा तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या गगनबावड्यातून. जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचे नाव ‘वाडी रत्नागिरी’. दूरच्या केंद्रात बसलेल्या नवख्याचा हात रत्नागिरी जिल्ह्याकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा? त्यातच ‘वाडी’ म्हटले की अर्ध्या जिल्ह्याच्या मनात नृसिंहवाडी येते. कावळा नाका म्हणा की ताराराणी चौक, जागा एकच. तावडे हॉटेल म्हणजे शहरात शिरण्याचे ठिकाण, हे कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही, पण महापेत बसलेल्याला कुणीतरी सांगितलेच पाहिजे. म्हणूनच जिल्ह्यातल्या डिस्पॅचरची किंमत मोठी. वरून आलेल्या नोंदीत जे राहून गेले, ते तो आपल्या माहितीने भरून काढतो.

माझ्या मते या कामाची खरी कसोटी उसाच्या हंगामात लागते. बीडकडून आलेली ऊसतोड टोळी फडात आहे, एका बाईला कळा सुरू झाल्या आहेत, आणि फोन करणाऱ्याला ना गावाचे नाव धड माहीत, ना शिवाराचे. त्याला ‘पत्ता सांगा’ म्हणून काय उपयोग? अशा वेळी ‘कोणत्या कारखान्याची टोळी?’ हा प्रश्न सुचणे म्हणजे कसब. बिद्री, कुंभी, भोगावती, वारणा यांपैकी एक नाव त्याच्या तोंडी हमखास असते. तिथून मुकादम, मुकादमाकडून चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, आणि चिटबॉयकडून फड, असा माग लागतो. मोबाइलच्या टॉवरवरून किंवा उपग्रहावरून मिळणारे ठिकाण मदतीला असतेच. पण टॉवरचा घेर मोठा, आणि आठ-दहा फूट उंचीच्या उसात नकाशावरच्या ठिपक्यापर्यंत नेणारी पाणंद कोणती, हे ठिपका सांगत नाही. सीमाभागातल्या गावात तर फोनने पलीकडच्या कर्नाटकचा टॉवर पकडण्याची शक्यता धरून चालावे लागते.

पावसाळ्यात हाच नकाशा बदलतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. कोल्हापूरच्या माणसाला हे आकडे पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. चिखली, आंबेवाडी वेढली गेली, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात होती, आणि २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. अशा दिवसांत जवळची गाडी ही जवळची उरत नाही. आधी बंधारे बुडतात, मग गगनबावड्याच्या वाटेवर लोंघे-मांडुकलीला पाणी येते, रत्नागिरीच्या वाटेवर केर्लीला येते. डिस्पॅचरला किलोमीटर बाजूला ठेवून फुटांत विचार करावा लागतो: एवढ्या पातळीला कोणता रस्ता उघडा? रुग्णवाहिका कुठवर जाईल आणि तिथून पुढे बोट कुणाची? पोलीस, महापालिकेचे अग्निशमन दल, जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती कक्ष, एनडीआरएफ, व्हाइट आर्मीसारखे स्वयंसेवक, साऱ्यांच्या बोटी आणि माणसे एकाच वहीत मांडायची असतात. जून लागला की पाटबंधारे खात्याची रोजची पाणीपातळी आणि बंद रस्त्यांची यादी तुम्ही शेजारी ठेवून पाहा. एका हंगामात जिल्हा जसा समजेल तसा कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकातून समजणार नाही.

गाडी निघाली म्हणजे फोन संपला असे मात्र नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या घरच्यांना छाती दाबायला फोनवरून शिकवता येते: पाठीवर सपाट झोपवा, छातीच्या मधोमध तळहात ठेवा, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि माझ्याबरोबर मोठ्याने मोजा. जगभरच्या चांगल्या केंद्रांत हे कामाचा भाग मानले जाते. ज्याने कधी प्रथमोपचार पाहिलेले नाहीत अशा माणसाचे हात केवळ आवाजाच्या आधारावर चालवणे, यासारखे अवघड अध्यापन मला दुसरे ठाऊक नाही. तिथे आवाज चढवून चालत नाही, आणि ‘शांत व्हा’ म्हटल्याने कुणी शांत होत नाही. त्याला काहीतरी करायला सांगितले की तो सावरतो. दार उघडा, दिवा लावा, धाकट्याला रस्त्यावर उभे करा. यंत्रणेवर निष्कारण येणारे फोन, पोरांच्या खोड्या, कुणी न बोलणारे फोन यांच्यातून खऱ्या संकटाचा हा एक फोन ओळखायचा असतो. न बोलणारा फोनही सोडून देता येत नाही. ज्या घरात बोलण्याचीच भीती आहे, तिथून आलेला तो फोन असू शकतो.

नव्या वाचकांनी या विषयात यंत्रांच्या बाजूने शिरू नये, अशी माझी सूचना आहे. पडदे आणि प्रणाली बदलत राहतील. तुम्ही प्रश्नांपासून सुरुवात करा: कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, आणि का. मग ठिकाणांकडे वळा. शेवटी माणसांकडे, कारण फोन ठेवल्यावर त्या बाईचे, त्या जखमीचे पुढे काय झाले हे फोन घेणाऱ्याला बहुधा कळतच नाही आणि पुढचा फोन वाजलेला असतो. त्यांच्या पाळ्या, विश्रांती आणि मनावरचा भार यांचा अभ्यास हा या विषयाचा उपचार म्हणून जोडलेला शेवटचा धडा नव्हे.

करण्यासारखे कामही पुष्कळ आहे, आणि त्यासाठी नियंत्रण कक्षात नोकरी हवी असे नाही. शिवारे, मळे, वस्त्या, पाणंदी, तिकट्या यांची लोकांच्या तोंडची किती तरी नावे सरकारी नकाशावर नाहीत. सारख्या नावांची गावे, एका जागेची दोन नावे, जुने नाव आणि नवे फलक यांची तालुकावार यादी हवी आहे. भूगोलाचा किंवा भाषेचा एखादा विद्यार्थी आपल्या गावापासून ती सुरू करू शकतो. गावच्या पोलीस पाटलाला आणि आशाताईंना सोबत घेतले, तर एका सुट्टीत एका गावाची यादी सहज होईल.