अतिरेकी समर्थक : परदेशी जाणारे आणि घरीच राहणारे

अतिरेकी संघटनेचा एक समर्थक परदेशी लढायला जातो, दुसरा आपल्याच शहरात हल्ला करतो. ही दोन वेगळ्या घडणीची माणसे, असे मानले जाते. आम्हाला ते पटत नाही. फरक बहुतेकदा वाटेचा असतो.

परभूमीवर ‘पीडितांसाठी’ लढणे हे अनेकांना शेजाऱ्याला मारण्यापेक्षा न्याय्य वाटते, असे नॉर्वेचे अभ्यासक थॉमस हेगहॅमर यांनी २०१३ मध्ये मांडले. सोबतही लागते. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि आयसिसला मिळाले.

शेजारीच शत्रू ठरवला, की प्रवासाची गरजच उरत नाही. म्यानमारमध्ये भिक्खूंच्या ‘९६९’ चळवळीचा मुस्लिमविरोधी प्रचार भरात असताना, मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात ४० हून अधिक लोक मारले गेले. बौद्ध म्हणून आपण हे उदाहरण वगळता कामा नये.

पुढे सीरियाच्या वाटा आवळल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये आयसिसच्या प्रवक्त्याने पाश्चात्त्य देशांतल्या समर्थकांना तिथेच हल्ले करायला सांगितले. पुढच्याच महिन्यात क्वेबेकमध्ये एकाने दोन सैनिकांच्या अंगावर मोटार घातली, एक दगावला. हल्लेखोराचा पासपोर्ट आधीच जप्त होता. पोलीस त्याच्याशी बोलतही होते, म्हणजे नुसत्या भेटीगाठीही पुरत नाहीत.

कल्याणच्या चौघांपैकी एक नोव्हेंबर २०१४ मध्ये परतला. तुर्कस्तानातून त्याने संपर्क साधला होता तो घरच्यांशी.